गोव्याची हाफ आयर्नमॅन दुसऱ्यांदा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ साली मिरामारच्या किनाऱ्यावर मी पहिल्यांदा ‘आयर्नमॅन ७०.३ गोवा’ पूर्ण केली, ७ तास ४८ मिनिटांत. २०२४ मध्ये पुन्हा गेले आणि ६ तास ५७ मिनिटांत परतले. मी पुण्यात शाळेत शिकवते, वय ४४, लहानपणी कुठलाही खेळ खेळलेला नाही. दुसऱ्या स्पर्धेनंतर पोहण्याच्या तलावावर, रविवारच्या सायकल राइडला, शिक्षकांच्या खोलीत तेच ते प्रश्न येत राहिले. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. ज्यांनी एकदा स्पर्धा पूर्ण केली आहे आणि आता वेळ सुधारायची आहे, त्यांना ती जास्त उपयोगी पडतील.

७०.३ म्हणजे नक्की किती अंतर?

१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. तिन्ही अंतरांची मैलांमधली बेरीज ७०.३ होते, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या बरोबर दुप्पट. पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या या प्रकाराला ट्रायथलॉन म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये तो २००० सालच्या सिडनीपासून आहे, पण तिथली अंतरं छोटी: १.५, ४० आणि १० किमी. गोव्यातली ही स्पर्धा पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली. एकूण मुदत साडेआठ तासांची. पोहण्याला १ तास १० मिनिटं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपायला हवी. त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात हे आकडे एकदा स्वतः तपासून घ्या.

५१ मिनिटं कमी कशी झाली? सराव किती वाढवला?

वाढवला नाही, कमी केला. पहिल्या वर्षी आठवड्याला सरासरी ११ तास होत होते, दुसऱ्या वर्षी ९. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून दोन्ही वर्षांचे आकडेच देते.

पोहणं: ५८ मिनिटांवरून ४९.
पहिलं ट्रान्झिशन (पाण्यातून बाहेर आल्यापासून सायकलवर बसेपर्यंत): ११ वरून ६.
सायकल: ३ तास ३८ मिनिटांवरून ३ तास ३२.
दुसरं ट्रान्झिशन (सायकलवरून उतरून धावायला लागेपर्यंत): ९ वरून ४.
धावणं: २ तास ५२ मिनिटांवरून २ तास २६.

आता नीट बघा. माझा सगळ्यात जास्त सराव सायकलवर झाला आणि तिथे वाचली फक्त सहा मिनिटं. दोन ट्रान्झिशन मिळून दहा वाचली, त्यासाठी घामाचा एक थेंबही जास्त गाळावा लागला नाही. धावण्यात २६ वाचली, आणि माझं धावणं वर्षभरात तेवढं काही सुधारलं नव्हतं. ती मिनिटं सायकलवर स्वतःला आवरल्यामुळे मिळाली. पुढे त्याबद्दल लिहिलं आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही करा: तुमच्या मागच्या स्पर्धेच्या निकालातले पाच आकडे कागदावर मांडा. सायकल आणि धावणं यांचे मधले टप्पे मिळाले तर तेही लिहा. कुठे दमलात, कुठे चालायला लागलात, कुठे वेळ नुसताच गेला हे त्याच कागदावर आठवून टिपा. हे स्पर्धेनंतर दोन-तीन दिवसांतच करा, महिन्याभरानंतर आठवणी गोडच उरतात. ‘अजून जोर लावायला हवा’ हे उत्तर आपल्याला नेहमी हाताशी असतं, पण माझ्या कागदावर ते कुठेच निघालं नाही.

तलावात मी छान पोहते, समुद्रात वेळ दुप्पट का लागतो?

कारण तलावाच्या तळाला काळी रेघ असते आणि समुद्रात नसते. पहिल्या वर्षी माझ्या घड्याळात १.९ ऐवजी २.२ किमी अंतर उमटलं होतं. मनगट सतत पाण्याखाली जात असल्याने घड्याळाची ही मोजणी तंतोतंत नसते, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या नवऱ्यानेही सांगितलं, “तू सारखी डावीकडे जात होतीस.” दुसऱ्या वर्षी १.९७ उमटलं. नऊपैकी साधारण सहा मिनिटं केवळ सरळ पोहल्यामुळे वाचली.

सरळ जायचं तर पुढचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, दिसायला हवा. दर सहा ते आठ हातांनी डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढायचे, मगरीसारखे. बघून झालं की डोकं बाजूला वळवून श्वास. पुढे बघतानाच श्वास घ्यायला गेलं की डोकं उंच येतं, कंबर बुडते आणि गती तुटते. बोया दिसला नाही तर त्याच्या मागचं काहीतरी मोठं हेरायचं: झाडांची रांग, इमारत, टेकडीचा आकार. हे आदल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून ठरवून ठेवा. सकाळचा सूर्य कुठून डोळ्यांवर येईल तेही बघा आणि त्याप्रमाणे गॉगलची काच निवडा.

हा सराव तलावातही होतो. प्रत्येक लांबीत दोनदा समोरची खुर्ची बघायची. आठवड्यातून एकदा, रांग मोकळी असेल तेव्हा, डोळे मिटून दहा हात मारायचे आणि आपण कुठल्या बाजूला सरकतो ते पाहायचं. माझा उजवा हात मधली रेषा ओलांडून आत पडत होता, म्हणून मी डावीकडे जायचे. प्रशिक्षकांनी ते दोन महिन्यांत सुधारून घेतलं.

खऱ्या पाण्याचा अनुभव मात्र हवाच. कोल्हापूरच्या राजाराम तलावात ट्रायथलॉन स्पर्धा होतात. मालवणच्या चिवला बीचवर दर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा भरते. अशा ठिकाणी बंदोबस्त असतो, होड्या असतात. धरणाच्या पाण्यात चार मैत्रिणी मिळून परस्पर उतरू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. आणि समुद्रात एकटीने तर कधीच नाही.

गोव्यात वेटसूट लागतो का?

नाही. वेटसूट म्हणजे थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख. तिथलं पाणी त्या दिवसांत कोमट असतं, वेटसूट घातला तर जीव घाबरा होईल. युरोपातल्या थंड तळ्यांतल्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहून खरेदी करू नका.

महाग सायकल घेतली तर किती फरक पडतो?

माझी सायकल दोन्ही वर्षं तीच होती: अ‍ॅल्युमिनियमची साधी रोड बाइक. सपाट रस्त्यावर ताशी २५ किमीच्या पुढे सगळ्यात मोठा विरोध हवेचा असतो, आणि हवेला अडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपलं शरीर. म्हणून पैसे असतील तर आधी बाइक फिटिंग, म्हणजे सायकल आपल्या शरीराच्या मापाला जुळवून, करून घ्या. खोगीर दीड सेंटीमीटर वर आणि हँडल थोडं खाली घेतल्यावर माझी पाठ दुखायची थांबली आणि मी ९० किमी खाली वाकून बसू शकले. मग नवे, चांगले टायर. नंतर एरोबार (पुढे वाकून कोपर टेकवता येतील असे हँडलला जोडायचे दांडे), पण त्यावर हात ठेवून वळणं आणि खड्डे सांभाळता आले तरच. नवी सायकल यादीत सगळ्यात शेवटी.

सायकलवर किती जोर लावायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

पहिल्या वर्षी पहिले ४५ किमी मी १ तास ४२ मिनिटांत मारले. रस्ता मोकळा, बाजूला लोक टाळ्या वाजवतायत, पोहून सुखरूप बाहेर आल्याचा आनंद. हृदयाचे ठोके १६५ च्या आसपास होते आणि मला ते कळतही नव्हतं. पुढच्या ४५ किमीला १ तास ५६ मिनिटं लागली. मग धावायला उतरले, तर मांड्या दगड झालेल्या. बाराव्या किलोमीटरपासून जवळजवळ चालतच गेले.

दुसऱ्या वर्षी ठरवून पहिला अर्धा भाग १ तास ४६ मिनिटांत केला. दुसरा अर्धाही १ तास ४६ मिनिटांत झाला. ठोके १४५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम. चढावर लोक मला मागे टाकत होते. मनाला फार लागतं ते, खरंच लागतं. त्यांतल्या कितीतरी जणांना मी धावताना गाठलं.

माझे आकडे तुमचे नाहीत. पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर २० मिनिटं पूर्ण जोर लावून चाचणी करा, त्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे तुमची एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर. ७०.३ साठी तिच्या ७० ते ८० टक्क्यांत राहावं, आणि जिला साडेतीन तासांहून जास्त लागणार तिने खालच्या टोकाला. मीटर नसेल तर बोलून बघा. पूर्ण वाक्य एका दमात बोलता यायला हवं. दोन शब्दांनंतर धाप लागली तर गिअर हलका करा. चढावर जोर थोडा वाढतोच, पण माथ्यावर पोहोचून पाय सैल सोडण्याऐवजी तिथेच जरा पॅडल मारत राहिलं तर कमी त्रासात जास्त वेळ वाचतो.

यासाठी पानशेत रस्त्यावर मी दर पंधरवड्याला ८० किमीची एकच राइड करायचे: पहिले ४० हळू, पुढचे ४० त्याच वेळात किंवा एखाद मिनिट कमी. ग्रुपमध्ये हे जमत नाही, तिथे कोणी ना कोणी पुढे सुटतं आणि आपण मागे लागतो. म्हणून ही राइड एकटीने, किंवा ऐकणाऱ्या एकाच मैत्रिणीबरोबर.

ब्रिक सराव किती करायचा?

सायकलवरून उतरून लगेच धावणं म्हणजे ब्रिक. आठवड्यातून एकदा पुरतं, आणि लांब धावायची गरज नाही. उतरल्यावर १५-२० मिनिटं पळलात तरी पायांना तो विचित्र बदल ओळखीचा होतो. महत्त्वाचं हे की पहिला किलोमीटर मुद्दाम हळू ठेवायचा. सायकलनंतर वेगाचा अंदाज चुकतो, पाय भराभर पडतात आणि घड्याळात बघावं तर आपण ठरवल्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे.

एवढे तास काय खायचं? केळी आणि चिक्की चालेल?

केळी चालतील. चिक्की मला चालली नाही. शेंगदाण्यातला स्निग्धांश पचायला वेळ घेतो आणि उन्हात दाताला चिकटलेला गूळ घेऊन धापा टाकणं नको होतं. पण माझी खरी चूक वेगळी होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका स्टॉलवर नवं जेल (ऊर्जेसाठी खायचा पाकिटातला गोड, घट्ट पाक) चाखलं, आवडलं म्हणून सहा विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी तीच वापरली. सत्तराव्या किलोमीटरला पोटात जे ढवळायला लागलं ते शेवटपर्यंत. जेल वाईट नव्हतं, माझ्या पोटाला अनोळखी होतं.

दुसऱ्या वर्षी सायकलवर दर तासाला ५५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं असं गणित ठेवलं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, उरलेली बाटलीतल्या पेयातून. हे आतड्यांनाही शिकवावं लागतं. मी तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करून आठ आठवड्यांत ६० पर्यंत आणलं, दर लांब राइडला तेच पेय, तीच केळी. घड्याळात दर २० मिनिटांनी गजर लावला होता. भूक लागल्यावर खायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो.

ओआरएसबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे त्याच्यावर फार भरवसा टाकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे मिठासाठी उत्तम, पण ऊर्जेसाठी अगदी अपुरं. त्यावर ९० किमी निघत नाहीत. मी एका बाटलीत ओआरएस आणि दुसरीत साखरेचं पेय ठेवते.

पाणी किती, हे वजनकाट्यावर कळतं. एक तास धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. माझं १.१ किलो उतरलं होतं आणि मध्ये ३०० मिली प्यायले होते, म्हणजे तासाला १.४ लिटर घाम. तो सगळा भरून काढायचा नसतो, पोट तेवढं घेतही नाही. मी तासाला ७०० ते ८०० मिलीवर थांबते. नुसतं साधं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम घसरतं.

ट्रान्झिशनमध्ये दहा मिनिटं कशी वाचली?

पहिल्या वर्षी मी ओल्या अंगावर सायकलचे कपडे चढवत बसले. ओल्या त्वचेवर घट्ट शॉर्ट्स चढत नाहीत. मग सायकल कुठल्या रांगेत ठेवली ते आठवेना. दुसऱ्यांदा एकच ट्रायसूट, तिन्ही प्रकारांत चालणारा एकसंध पोशाख, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आदल्या दिवशी पाण्यातून बाहेर यायच्या वाटेपासून माझ्या सायकलपर्यंत तीनदा चालत गेले, रांगा मोजल्या. घराच्या गच्चीवर सामान मांडून वीस वेळा सराव केला, लेकीने घड्याळ धरलं होतं: हेल्मेट, नंबरचा पट्टा, मोजे, बूट. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियमच आहे. मोज्यांत थोडी टाल्कम पावडर टाकली की ओले पाय सहज आत जातात.

कोणत्या नियमांमुळे वेळ जातो?

ड्राफ्टिंगमुळे, म्हणजे दुसऱ्याच्या सायकलमागे राहून हवेचा आडोसा घेण्यामुळे. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि त्या टप्प्यात शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघून जायचं. नाहीतर दंडाच्या तंबूत थांबावं लागतं. शिवाय जेलचं पाकीट रस्त्यात टाकायचं नाही, हेडफोन घालायचे नाहीत, आणि घरच्यांनी बाहेरून बाटली द्यायची नाही. हे शेवटचं आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा, प्रेमापोटी कोणीतरी नारळपाणी घेऊन पुढे येतंच.

ऑक्टोबरच्या स्पर्धेचा सराव सगळा पावसाळ्यात येतो. काय करायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये मी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, सायकल चालवते. ओल्या रस्त्यावर, खड्डे पाण्याने भरलेले असताना, वेग वाढवण्याच्या नादात हात मोडून घेण्यात अर्थ नाही. धावणं पावसातही चालू ठेवते, बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवते. बंद खोलीत ट्रेनर चालवताना पंखा थोडा कमी ठेवला तर उकाड्याचा सरावही होतो. शरीराला उष्म्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत मी धावण्याची वेळ पहाटे पाचवरून सकाळी नऊवर नेली. शाळेच्या दिवशी ते शक्य नव्हतं, पण शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मिळून जमलं.

गणपतीत पाच दिवस सराव बंद होता. मोदक खाल्ले, जागरणं झाली. त्या पाच दिवसांची भरपाई सहाव्या दिवशी करायला गेले नाही, एवढंच सांभाळलं.

नोकरी आणि घर सांभाळून ९ तास कसे बसवता?

दोनदा पोहणं, दोनदा सायकल, तीनदा धावणं आणि दोनदा अर्धा-अर्धा तास ताकदीचे व्यायाम. बहुतेक सगळं सकाळी सातच्या आत. पण रात्री साडेनऊला झोपल्याशिवाय पहाटे साडेचारला उठणं म्हणजे कर्ज काढून सण साजरा करणं. पहिल्या वर्षी मी साडेपाच तास झोपत होते आणि जादा दोन तास सराव करत होते. ते दोन तास मी झोपेला देऊन टाकले. घरात स्वयंपाकाची वाटणी नव्याने झाली, त्याबद्दल बोलणी झाली, एकदा भांडणही झालं. हे आधीच बोलून घ्या.

स्पर्धेच्या दिवशी पाळी आली तर?

दुसऱ्या वर्षी स्पर्धा नेमकी माझ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी आली होती. पोहण्यासाठी टॅम्पॉन किंवा कप वापरता येतो, पण तो आधीच्या दोन-तीन महिन्यांत लांब सरावात वापरून बघितलेला असावा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, आणि तेही दोन महिने आधी. सरावाच्या वहीत पाळीच्या तारखा लिहीत जा. कोणत्या आठवड्यात पाय जड असतात ते तीन-चार महिन्यांत दिसायला लागतं आणि मग स्वतःवर उगाच राग येत नाही.

शेवटचे दोन आठवडे?

सराव निम्म्यावर आणा, पण वेगाचे छोटे तुकडे ठेवा. अंग जड वाटेल, घसा खवखवल्यासारखा वाटेल, गुडघा नव्यानेच दुखेल. बहुतेक ते मनाचे खेळ असतात. ताप असेल तर मात्र उतरू नका. तापात एवढा श्रम हृदयाला घातक ठरू शकतो.

सायकल गोव्याला कशी नेता?

आम्ही चौघींनी मिळून गाडी केली. विमानाने नेणार असाल तर चाकातली हवा थोडी कमी करा आणि चाकात झटकन हवा भरायची सीओटू काडतुसं घरीच ठेवा, साधा पंप न्या. पोहोचल्या दिवशीच सायकल जोडून दहा किमी चालवून बघा, म्हणजे काही बिघडलं असेल तर दुरुस्तीला वेळ उरतो. आणि पंक्चर काढता येत नसेल तर आजच शिका. मागचं चाक काढून, ट्यूब बदलून परत बसवायला मला आता आठ मिनिटं लागतात, आधी पंचवीस लागायची. दोन्ही वर्षं पंक्चर झालं नाही, पण ते काढता येतं हे माहीत असल्याने खडबडीत रस्त्यावर पोटात गोळा आला नाही.

सगळं नीट करूनही वेळ वाढली तर?

वाढू शकते. ऊन, भरती-ओहोटी, वारा दर वर्षी वेगळे असतात, कधी मार्गही बदलतो. म्हणून नुसत्या वेळेशी तुलना करू नका. तुमच्या वयोगटात किती जणी होत्या आणि तुम्ही कितव्या आलात, हा आकडा दोन्ही वर्षांचा काढा. सायकलचे दोन अर्धे सारखे आले का, धावताना चाललात का, ठरवलेलं खाल्लंत का, हेही तपासा. माझ्या ओळखीची एक जण दुसऱ्या वर्षी बारा मिनिटं मागे पडली, पण पूर्ण २१ किमी धावली, आधी निम्मं चालली होती. मला तिची स्पर्धा माझ्यापेक्षा चांगली झाली असं वाटतं.

आता पुढे काय?

तिसऱ्या वेळेचा कागद भिंतीवर लावला आहे. धावताना शेवटचे पाच किलोमीटर अजूनही प्रत्येकी ४० सेकंदांनी मंद जातात. ते सायकलवरच्या शेवटच्या तासात कमी खाल्ल्यामुळे की पायांत ताकदच कमी म्हणून, हे शोधायचं आहे. येत्या रविवारी पानशेत रस्त्यावर तिसरं केळं ६० व्या किलोमीटरऐवजी ७५ व्या किलोमीटरला खाऊन बघणार आहे.